स्वयंपाकघरातला हुंकार

आमचे सर हजेरी हुंकारावर घ्यायचे. नाव पुकारलं की "हजर सर" म्हणायचं नाही, नुसतं "हूं" म्हणायचं. एम.ए.च्या पहिल्याच दिवशी आम्हाला वाटलं, माणूस चक्रम आहे. दुसऱ्या दिवशी खात्री पटली. हजेरी झाल्यावर ते एका कादंबरीचं पान मोठ्याने वाचायला लागले आणि दर वाक्यापाशी थांबून आमच्याकडे बघू लागले. आम्ही शहाण्यासारख्या माना डोलावल्या. सरांनी पुस्तक मिटलं.

"मान हलवून काय होते? सांगनाऱ्याले अंधारात मान दिसते का? हूं म्हना."

असा आमचा कादंबरीचा अभ्यास सुरू झाला. लाखांदूरच्या कॉलेजात एम.ए. मराठीला आम्ही मोजकीच मुलं, त्यातली निम्मी धानाच्या रोवणीत गायब. विषयाचं नाव भारदस्त होतं, 'कादंबरी आणि कथनमीमांसा'. बाकीचे प्राध्यापक नोट्स द्यायचे. सर फक्त प्रश्न द्यायचे, तोही एकच: "सांगून कोन राहिला?" आम्ही लेखकाचं नाव घेतलं की भडकायचे. "लेखक गेला आपल्या घरी जेवाले. पानावर जो बोलून राहिला, तो कोन?" तो निवेदक. लेखक वेगळा, निवेदक वेगळा, हे आमच्या डोक्यात शिरायला अर्धं वर्ष गेलं. माझ्या मैत्रिणीच्या डोक्यात ते अजून शिरलेलं नाही, आणि तिचं काही अडलेलंही नाही.

हा प्रश्न ते वर्गातच ठेवते तर बरं होतं. बस स्टँडसमोरच्या टपरीवर कोणी अमक्याच्या सुनेची भानगड सांगू लागला की सर बशीतून तोंड वर काढत.

"तुमी तिथं होते का जी?"

"नाही जी सर, लोक म्हनून राहिले."

"मंग तिच्या मनात काय चालू होतं ते तुमाले कसं समजलं? सर्वज्ञ निवेदक आहात का?"

टपरीवाला त्यांना लांबून बघूनच गिऱ्हाइकांना बजावायचा, "सर येऊन राहिले. आता गोष्टी नोका काढू, साक्षीपुरावे काढा."

दुसरं खूळ याहून अवघड. कोणी वाक्य अर्ध्यात सोडलेलं त्यांना खपत नसे. आणि आपण तर दिवसभर तेच करतो. "मी काय म्हणत होते की..." म्हणून आपण कढईकडे धावतो. सर तिथेच उभे राहायचे, ते वाक्य पुरं होईपर्यंत. एकदा प्राचार्य बोलता बोलता फोन घ्यायला व्हरांड्यात गेले तर सर त्यांच्या मागे गेले. "सर, 'तरी पण' म्हनले तुमी. तरी पण काय?" मी विचारलं, एवढं काय बिघडतं? ते हळू आवाजात म्हणाले, "पोरी, वाक्य पुरं झाल्याशिवाय हूं म्हनता येत नाही. आयकनारा तसाच अडकून राह्यते." तेव्हा मी हसले होते.

सरांनी स्वतः मात्र कधी कोणाला हूं दिलं नाही. आम्ही काही सांगत असलो तर ते डोळे मिटून गप्प बसत. त्यांचं काम सांगायचं, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

घरी त्यांना हूं द्यायला काकू होत्या. सर पुढच्या खोलीत आरामखुर्चीवर बसून मोठ्याने कादंबरी वाचायचे आणि काकू आत स्वयंपाकघरात काम करता करता हूं म्हणायच्या. लग्न झाल्यापासूनचा रिवाज. सर आम्हाला अभिमानानं सांगत, की कथनमीमांसेचे परदेशी पंडित श्रोत्याबद्दल जे लिहून गेले, ते आमच्या घरी रोज घडते. काकूंचं म्हणणं निराळं होतं. मी एकदा त्यांच्याजवळ वांगी चिरत बसले असताना त्यांनी तीन वाक्यांना हूं दिलं, चौथ्याला विसरल्या, आणि पाचव्याच्या मधेच देऊन टाकलं.

"काकू, काय चाललं आहे गोष्टीत?" मी विचारलं.

"मले काय मालूम बाप्पा!" त्या म्हणाल्या. "मी कायले आयकून राहिली? माही भाजी करपते. हूं म्हनलं का मानूस खुश राह्यते."

मला त्या फार आवडायच्या. हसल्या की पदर तोंडावर घ्यायच्या, आणि हसणं आवरलं तरी पदर तसाच राहायचा.

हुंकाराचं हे वेड सरांना कुठून लागलं, ते त्यांनी आम्हाला निवेदक आणि श्रोता शिकवताना सांगितलं. ते मूळचे नदीकाठच्या बपेऱ्याकडचे, घरात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी. वडील भल्या पहाटे लाकडाचा डोंगा घेऊन पाण्यात जायचे, मागच्या टोकाला लहानगे सर. अंधारात वडिलांना मागचं काही दिसत नसे, म्हणून ते गोष्ट सांगत आणि पोरानं दर वाक्याला हूं म्हणायचं. हूं आलं म्हणजे पोरगं जागं आहे, पाण्यात पडलेलं नाही. नाही आलं की बाप हातातलं जाळं टाकून मागे वळायचा. त्या भागात तशी रीतच होती.

"एका दिवशी बाबा उजाडल्यावर घरी आले," सर म्हणाले. "पाह्यते तर मी खाटेवर. मले ताप होता, मायनं मले उठवलंच नव्हतं. बाबा अंधारात तसेच निंघून गेले होते, मी मागं बसलोच असन समजून. त्याइनं पुरी गोष्ट सांगितली होती."

 मी विचारलं, "मग हूं?"

"बरोबर येऊन राहिलं होतं," सर म्हणाले. "दर वाक्याले."

त्यानंतर वडिलांनी गोष्ट सांगणं सोडलं. वर्षाच्या आत डोंगाही विकला. सरांनी फळ्याकडे वळून 'श्रोता' असं लिहिलं, त्याखाली रेघ मारली, आणि तास संपला. आम्ही बाहेर पडलो तेव्हा लख्ख ऊन होतं, तरी आम्ही सगळे एकमेकांना धरून चालत होतो.

शिक्षण झालं, मी तिथल्याच ज्युनिअर कॉलेजात लागले, लग्न झालं, घर घेतलं ते सरांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. त्यामुळे काकू गेल्या त्या दुपारी मी सगळ्यांच्या आधी पोचले.

सर नवी कादंबरी वाचत होते. नवी म्हणजे त्यांना नवी. भंडाऱ्याच्या रद्दीवाल्याकडून आणलेली, पहिली पानं फाटलेली, त्यामुळे लेखक कोण ते कळायला मार्ग नाही. सर त्यावर खूश होते. निव्वळ निवेदक मिळाला म्हणायचे. एक बाई पहिल्याच प्रकरणात बैलगाडीतून माहेराला निघते आणि ती पोचते की नाही यावर सगळी जाडजूड कादंबरी. त्या दुपारी सरांनी एक लांब प्रकरण वाचून संपवलं. आतून हूं येत होतं. मग तहान लागली म्हणून ते आत गेले. काकू ओट्याखाली पडल्या होत्या, हातात वाटी तशीच.

डॉक्टरांनी बघून सांगितलं, जाऊन बराच वेळ झाला, अंग गार पडलं आहे. सर म्हणाले, "असं कसं होईन? आत्ता तर प्रकरण संपलं." डॉक्टरांना त्याचा अर्थ लागला नाही. मला लागला.

तेरवी झाली, त्यांचा नागपूरचा मुलगा परत गेला, आणि सरांनी कादंबरी पुन्हा उघडली. मी डबा घेऊन गेले होते. पुढच्या खोलीत सर वाचत होते: "गाडी नाल्यापाशी थांबली." आतून हूं आलं. मला वाटलं, कोणी नातेवाईक बाई थांबली असेल. डबा ठेवायला आत गेले. चूल थंड, भांडी पालथी, मागचं दार कडी लावलेलं. मी उभी असतानाच बाहेरून सरांचं पुढचं वाक्य आलं, आणि माझ्या अगदी जवळ, ओट्याच्या उंचीवर, कोणीतरी हूं म्हणालं. आवाज बाईचा म्हणता आला असता, लहान मुलाचाही म्हणता आला असता. मी भित्री बाई नाही; विहिरीतला साप बादलीत धरून बाहेर टाकलेला आहे मी. पण त्या दिवशी डबा तिथेच आपटून मी बाहेर आले.

"आयकलं ना?" सर म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मला रडू आलं.

मग सरांनी जे केलं ते त्यांच्याखेरीज कोणाला सुचलं नसतं. वर्गात त्यांनी आम्हाला कादंबरीतली गती शिकवली होती. वर्षं एका ओळीत सांगून टाकली तर तो सारांश. जेवढा वेळ घडायला तेवढाच सांगायला, तर तो प्रसंग. आणि गोष्ट तिथल्या तिथे थांबवून ठेवली तर विराम. आता ते ही गती स्वतःच्या वाचनाला लावू लागले. आधी आठवड्याला एक प्रकरण. मग रोज एक पान. मग एक परिच्छेद. शेवटी तर रोज दुपारी खुर्चीत बसून एकच वाक्य, सावकाश, आणि आतलं हूं ऐकलं की पुस्तक मिटून डोक्याला लावायचे.

"सर, अशानं ही कादंबरी कधी संपणार?" मी एकदा म्हटलं.

"संपली तर हूं कायले येईन?" ते म्हणाले. "गोष्ट आहे तवर आयकनारा आहे. संपली का तो उठून जाते."

मला राहवलं नाही. काकू जिवंतपणी चुकीच्या जागी हूं द्यायच्या, हे माझ्याइतकं कोणाला माहीत होतं? आणि हे हूं कधी चुकत नव्हतं. वाक्य संपलं की तिथेच, नेमकं. मी म्हणाले, "सर, या काकूच आहेत कशावरून?"

 आयुष्यभर 'सांगून कोन राहिला' म्हणून दुसऱ्यांचा जीव खाणारा हा माणूस. "ते नोको विचारू," ते म्हणाले. "सांगते कोन, ते विचारावं. आयकते कोन, ते विचारू नाही."

वर्षं गेली. सर निवृत्त झाले होतेच. काचबिंदूनं त्यांची नजर गेली, आणि गेली ती अगदी शेवटच्या प्रकरणाच्या तोंडाशी. मुलगा नागपूरला नेतो म्हणून मागे लागला. बरोबर होतं त्याचं. म्हाताऱ्या आंधळ्या माणसानं एकट्यानं राहायचं कसं? पण सर हटून बसले. त्यांची पंचाईत मला दिसत होती. अर्ध्यात सोडून गेले तर ऐकणारी अडकून राहणार. पुरी केली तर उठून जाणार. रात्रंदिवस ते एवढाच विचार करत असावेत, कारण अंगानं अर्धे झाले होते. मुलाला यातलं काही सांगण्यात अर्थ नव्हता. तो बिचारा बापाच्या औषधांची पिशवी घेऊन दर रविवारी येत होता.

शेवटी सरांनी मला वाचायला बोलावलं. मी वाचलं. आतून काही आलं नाही. पुन्हा वाचलं. घर गप्प. सरांचा चेहरा उतरला.

"निवेदक बदलला," ते म्हणाले. "तुहा आवाज तिले वळखू येत नाही."

मग त्यांनीच तोड काढली. मी त्यांच्या कानाशी बसून वाक्य पुटपुटायचं, आणि त्यांनी ते आपल्या आवाजात मोठ्यानं म्हणायचं. लेखक आणि निवेदक वेगळे असतात ते कसे, हे मला त्या दिवशी पुरतं समजलं. मी वाक्य दिलं, सरांनी ते म्हटलं. आत हूं. सरांनी माझा हात दाबला. 

एका रविवारी मुलगा गाडी घेऊनच आला. आता ऐकणार नाही म्हणाला, आणि ट्रंका उचलू लागला. शेवटचं पान उरलं होतं. सर म्हणाले, "चाल पोरी. अर्धं सोडून जात नाही मी."

आम्ही बसलो. मी कानात सांगत गेले, सर म्हणत गेले, आतून हूं येत गेलं. गाडीवाली बाई अखेर माहेरच्या अंगणात पोचली. शेवटचं वाक्य होतं: 'दार आतून बंद होतं.' मी ते सरांच्या कानात सांगितलं.

सर बोलले नाहीत.

मी पुन्हा सांगितलं. त्यांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. बाहेरून मुलानं हाक मारली, "बाबा, निंघाचं ना जी? उन्हं चढून राहिले." सरांनी मान वर केली. आणि आपल्या वर्गातल्या खणखणीत आवाजात म्हणाले, "तिनं कडी वाजवली."

हे पुस्तकात नव्हतं. लेखकाच्या शब्दाला हात लावाल तर हात तोडीन म्हणणारे सर, आपल्या पदरचं वाक्य घालत होते. आत शांतता होती.  मग आलं, हूं.

"आतून कोणी तरी विचारलं, कोन आहे?" सर म्हणाले, आणि उठले. मी त्यांना धरून बाहेर आणलं. अंगणातून जाताना ते सांगत होते, गाडीत बसताना सांगत होते. मुलगा म्हणाला, "बाबा, कोनासंग बोलून राहिले?" त्यांचं लक्ष नव्हतं. गाडी वळली तेव्हाही काचेआड त्यांचे ओठ हलताना दिसत होते.

घराची किल्ली माझ्याकडे राहिली, मागच्या सांदवाडीतल्या झाडांना पाणी घालायला. गाडी गेल्यावर मी स्वयंपाकघराची खिडकी लावायला आत गेले. आणि रिकाम्या घरात, कोणी वाचत नसताना, हूं आलं. थोड्या वेळानं पुन्हा. मी खिडकी तशीच टाकून पळाले.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला बरोबर नेलं. त्याला काही ऐकू आलं नाही. तो म्हणाला पाल असेल. पालीनं हूं म्हटलेलं मी तरी कधी ऐकलेलं नाही. तो मागे झाडांकडे गेल्यावर मी तिथूनच मुलाला फोन लावला. सर कसे आहेत?

"ठीक आहेत. दिवसभर बोलत राह्यतात, गोष्ट सांगितल्यासारखे. तुमीच आयका," म्हणून त्यानं फोन त्यांच्याजवळ नेला. सरांचा आवाज आला, लांबून पण स्पष्ट: "...आणि तिनं चूल पेटवली." माझ्या पाठीमागे, ओट्यापाशी, हूं झालं.

माणसाला कशाचीही सवय होते. मला त्या आवाजाची झाली. कॉलेज सुटल्यावर मी झाडांना पाणी घालायची आणि थोडा वेळ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायची. गोष्ट माझ्यापर्यंत येत नव्हती, नुसते हुंकार येत होते. त्यांच्या लयीवरून कळायचं, सर आज लांब वाक्यं सांगताहेत की तुटक. भीती उरली नव्हती. उलट, चांगल्या घरात बसल्यासारखं वाटायचं.

एका दुपारी मी बसले असताना हूं थांबलं. मी वाट बघितली. सर झोपले असतील, म्हटलं. पण झोपेच्या वेळची शांतता मला ठाऊक होती. ही तशी नव्हती. कोणीतरी तोंड उघडून हूं म्हणायच्या बेतात थांबावं, तशी होती. मी फोन केला नाही. संध्याकाळी मुलाचाच आला.

"बाबा गेले जी," तो म्हणाला. "बोलता बोलताच."

"शेवटी काय म्हणाले?"

"तेच, गोष्टीतलं काही. 'आनि मंग ती आत...' एवढंच. पुढं नाही बोलले."

मी फोन ठेवला आणि मला सरांचा भयंकर राग आला. आयुष्यभर दुनियेच्या मागे लागून अर्धी वाक्यं पुरी करून घेतली, आणि स्वतः असं करून गेले.

परवा घर विकलं गेलं. घेणारे लाखनीचे, हायवेवर दुकान आहे, माणसं चांगली आहेत. स्वयंपाकघर पाडून मोठा हॉल करणार म्हणाले. किल्ली द्यायच्या आधी मी एकदा आत गेले. ती शांतता अजून तिथे होती, तशीच. कोणी अडकून राहिलं होतं, आणि आता भिंतीही पडणार होत्या. मला काय करायचं आहे ते मला माहीत होतं, फक्त धीर होत नव्हता. माझा आवाज तिथे चालत नाही हेही मला माहीत होतं. तरी मी ओट्याला पाठ लावून उभी राहिले आणि सर वाचायचे तसं, सावकाश, मोठ्यानं म्हटलं:

"आणि मग ती आत आली."

बाहेर एक एसटी गेली. मग हूं आलं.

पण ते रोजचं नव्हतं. जाड, घशातलं, पुरुषी होतं. सरांना आयुष्यात कधी हूं म्हणताना मी ऐकलेलं नव्हतं, तरी मी आवाज ओळखला. मी किल्ली घेऊन बाहेर आले आणि दार ओढून घेतलं.